रूट गोल होतोय: उन्हाळ्यातल्या प्रकल्प नोंदी

२१ जून २०२५

शाळा काल संपली, प्रकल्प आजपासून. नोंदी ठेवायचं कारण एवढंच की माझं ऑफिसातलं काम टेस्टिंगचं आहे आणि लिहून ठेवलं नाही तर ते झालंच नाही असं मी गेली चौदा वर्षं लोकांच्या मागं लागून सांगत आलेय, तर आता स्वतःच्या घरात तरी पाळू.

विषय असा. पोरगा पंधरा वर्षांचा, हायस्कूलच्या फुटबॉल टीममध्ये वाइड रिसीव्हर. फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकन, नारळासारख्या बॉलचा. वाइड रिसीव्हर म्हणजे घोळक्यापासून लांब कडेला उभा राहणारा, पळत जाऊन पास झेलणारा. पळतो चांगला, शाळेच्या ट्रॅकवर त्याच्या पुढं दोनच पोरं आहेत. तरी गेला सीझन बाकावर गेला. वर्ष संपताना कोचनं एकच वाक्य सांगितलं, तू फास्ट आहेस पण तुझे रूट गोल आहेत. पोरगा घरी आला आणि दोन दिवस नीट जेवला नाही.

मागच्या वर्षीपर्यंत मलाही वाटायचं की हे लोक नुसते सुसाट सुटतात आणि मागून कुणीतरी बॉल भिरकावतो. तसं नसतं, प्रत्येकाचा रस्ता स्नॅपच्या, म्हणजे बॉल खेळात यायच्या, आधीच ठरलेला असतो, तोच रूट. सगळे रूट एका चित्रात काढले की झाड दिसतं, खोड सरळ वर आणि दोन्हीकडं फांद्या, म्हणून रूट ट्री. फांद्यांना ० ते ९ आकडे. सम आकडे आत म्हणजे मैदानाच्या मध्याकडं, विषम बाहेर साइडलाइनकडं. २ स्लँट, ४ कर्ल, ५ आउट, ६ डिग, ७ कॉर्नर, ८ पोस्ट, आणि ९ म्हणजे कुठं वळायचंच नाही, नाकासमोर पळत सुटायचं. डॉन कोरिएल म्हणून कोच होते, १९७८ ते १९८६ सॅन डिएगो चार्जर्सला, त्यांच्या पद्धतीत नुसते तीन आकडे ओरडले की तिघांचे रूट ठरायचे. मला हे फार आवडलं, पाढ्यांसारखं आहे. फक्त प्रत्येक टीमचे आकडे थोडे थोडे वेगळे, त्यामुळं आमच्या कोचचे कुठले ते पोरालाच विचारून गॅरेजच्या जमिनीवर खडूनं झाड काढलं. नवरा गाडी लावायला आला आणि म्हणाला ही रांगोळी कसली.

मुदत ऑगस्टमधल्या प्रॅक्टिसपर्यंत. सात आठवडे.

२४ जून

आधी स्टान्स, म्हणजे उभं राहायची पद्धत, आणि सुरुवात. फोनवर स्लो मोशन लावला, सेकंदाला २४० फ्रेम. वीस वेळा उभं केलं, वीस वेळा पळवलं. बघितलं तर काय, पुढं जायच्या आधी पठ्ठ्या मागचा पाय अजून मागं टाकतोय. याला इथं फॉल्स स्टेप म्हणतात. त्याला स्वतःला कळतच नाही, उलट त्याला वाटतं आपण जोर घेतोय. पण क्यूबीच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या, हातात बॉल येऊन घड्याळ सुरू झालेलं असतं आणि हा अजून मागं चाललाय.

उपाय सापडला तो घरगुती आहे. मागच्या टाचेच्या वीतभर मागं पाण्याची रिकामी बाटली उभी करायची. पडली तर चूक. पहिल्या वीसात सतरा वेळा पडली. वजन पुढच्या पायाच्या चवड्यावर हवं, छाती पुढच्या गुडघ्याच्या वर, आणि मागचा पाय नुसता टेकलेला. कोच म्हणतात आतला पाय पुढं ठेव, म्हणजे बॉलकडचा. का ते विचारलं तर त्याला माहीत नव्हतं, मग दोघांनी मिळून विचार केला. पावलं मोजायची असतात आणि मोजायला सुरुवात रोज त्याच पायानं झाली तर शेवटचा रोवायचा पाय कुठला येणार ते आधीच कळतं. पटलं.

संध्याकाळपर्यंत बाटली वीसात नऊवर आली.

२८ जून

आज मूळ दुखणं. ५ नंबर, आउट. १० यार्ड सरळ जायचं, काटकोनात बाहेर वळायचं. टाउनशिपच्या पार्कात मैदानावर रेषा आहेत त्यामुळं मोजायला सोपं. हा पठ्ठ्या ८ वरच वळायला सुरुवात करतो आणि वळण संपतं तेव्हा १२ वर असतो. काटकोन कुठला, बस डेपोतून एसटी बाहेर पडते तसं प्रशस्त वळण.

यात काय बिघडतं हे मला आधी समजत नव्हतं, दोन यार्ड इकडं तिकडं. मग कागदावर काढून बघितलं. मैदानाची रुंदी ५३ यार्ड आणि एक तृतीयांश. बॉल ज्या हॅश मार्कवर ठेवतात ते हायस्कूलच्या मैदानावर रुंदीचे बरोब्बर तीन भाग करतात, एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, मात्र दोन्ही हॅश अगदी मधोमध, एकमेकांपासून जेमतेम साडेअठरा फुटांवर. म्हणजे हायस्कूलमध्ये बॉल डाव्या हॅशवर असेल आणि तू उजव्या कडेला आउट पळतोयस तर कागदावर १० यार्डाचा फायदा दिसतो पण बॉल हवेतून ३५ यार्डांच्या आसपास प्रवास करतो. एवढा वेळ बॉल हवेत. आणि तू गोल वळून वर वाहत गेलास तर बॉल आणि तुझ्या मधला त्रिकोण मोकळा, मागचा कॉर्नर (इथं रूट नव्हे, तुला अडवणारा खेळाडू) त्या त्रिकोणातून आतून कापत येतो, बॉल घेतो आणि समोर कुणी नसतं. तिकडं सहा पॉइंट. कोच आउटला एवढे घाबरतात ते उगाच नाही.

मग वळणाचे तुकडे केले. पूर्ण वेगात पळताना एकाच पावलात कुणी थांबू शकत नाही, थांबायला गेलं की छाती मागं जाते, टाच रुतते, आणि पुन्हा वेग घ्यायला दोन पावलं जातात. शेवटची तीन पावलं आखूड करायची, कंबर खाली बसवायची पण छाती गुडघ्यांच्या वरच ठेवायची, हात चालू ठेवायचे, मग आतला पाय शरीराच्या जरा बाहेर रोवायचा आणि त्यावरून ढकलून बाहेर. डोकं आधी फिरवायचं, कोपर झटक्यात मागं, खांदे आपोआप येतात. वळल्यावर तिरकं वर न जाता सपाट, जमलं तर क्यूबीच्या दिशेनं किंचित परत.

सांगायला सोपं आहे. मी करून दाखवायला गेले. पोटरीत कळ आली, मीठपाण्यात पाय घालून हे टाइप करतेय.

मोजमाप, पाय रोवल्यापासून छाती साइडलाइनकडं वळेपर्यंत: ११८ फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद धरा. हा आपला शून्य बिंदू.

१ जुलै

आज झेलणं. नियम एका ओळीचा, बॉल छातीच्या वर आला तर अंगठे जवळ, कमरेखाली आला तर करंगळ्या जवळ. पोट आणि छातीच्या मधला बॉल सगळ्यात वाईट, तिथं हात कसे धरायचे हे ठरवण्यातच बॉल निघून जातो, त्यासाठी गुडघे वाकवून किंवा उडी मारून बॉल वरचा किंवा खालचा करून घ्यायचा. अंगावर घ्यायचा नाही, हातात. क्रिकेटमध्ये आपण हात मागं ओढत झेल घेतो ते इथंही थोडं लागतं पण पोरगा कधी क्रिकेट खेळलाच नाही त्यामुळं माझी ती उपमा वाया गेली.

टेनिस बॉलवर मार्करनं आकडे लिहिले. फेकायचा, त्यानं झेलायच्या आधी आकडा ओरडायचा. डोळे बॉलवरून हातात येईपर्यंत हलू नयेत म्हणून. पहिल्या दिवशी पंचवीसात अकरा आकडे बरोबर, आणि मला संशय आहे की त्यातले चार अंदाजपंचे.

नवऱ्याला क्यूबी केलंय. त्याचा हात क्रिकेटचा, सीमारेषेवरून कीपरकडं फेकल्यासारखा खांद्यावरून फेकतो आणि बॉल हवेत कोलांट्या उड्या घेत येतो. पोरगा म्हणाला, बाबा, स्पायरल, म्हणजे बॉल स्वतःभोवती फिरत सरळ यायला हवा. नवरा म्हणाला, अरे नारळ आहे तो, नारळ असाच येणार. शेवटी बोटं शिवणीवर ठेवून आणि करंगळीकडून सोडण्याऐवजी तर्जनीवरून सोडून दहातले चार बरे आले. एकीकडं पुटपुटत होता की क्रिकेटला घातलं असतं तर. मी सांगितलं, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट पण आहे आणि फ्लॅग फुटबॉल पण आहे, आणि दोघांचा निर्णय एकाच दिवशी झालाय ऑक्टोबर २०२३ ला, तोही मुंबईत. गप्प बसला.

४ जुलै

सुट्टी. काही नाही. कणसं भाजली.

८ जुलै

आज वेळेचं गणित. आमच्या पोराची समजूत अशी की मी मोकळा झालो की क्यूबी मला बघणार आणि मग फेकणार. तसं थांबलं तर उशीर झालेला असतो. चांगला क्यूबी रिसीव्हर वळायच्या आधीच बॉल सोडतो, माणसाकडं फेकत नाही, जागेकडं फेकतो. क्यूबी मागं किती पावलं जाणार त्यावर रूट किती खोल ते ठरतं, तीन पावलं टाकली तर स्लँट किंवा हिचसारखे छोटे, पाच टाकली तर कर्ल, डिग वगैरे. सिड गिलमन आणि नंतर बिल वॉल्श या दोघा कोचनी हे पावलांचं गणित फार काटेकोर केलं. म्हणजे रिसीव्हरनं रेषा बघून नव्हे तर पावलं मोजून वळायचं, मान खाली घालून रेषा शोधत बसलास तर समोरच्याला फुकटात बातमी.

आमची पावलं मोजली. १० यार्डाला त्याला नऊ लागतात. दहा वेळा पळवलं, सात वेळा नऊ आणि तीन वेळा दहा. दहा आली की चुकीचा पाय रोवला जातो आणि वळण परत गोल. म्हणजे गोल वळणाचं अर्धं कारण वळणात नाहीच, सुरुवातीच्या पावलात आहे. बाटलीचा व्यायाम सोडायचा नाही.

रात्री त्याला रेमंड बेरीबद्दल वाचून दाखवलं. जुना रिसीव्हर, १९५४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या टीम कॉलेजची पोरं निवडतात त्यात, विसाव्या फेरीत घेतलेला माणूस, फार वेगवान नाही, नजर कच्ची. त्यानं बाल्टिमोर कोल्ट्सचा क्यूबी जॉनी युनायटस याच्याबरोबर प्रॅक्टिस संपल्यावर थांबून थांबून एवढी पुनरावृत्ती केली की २८ डिसेंबर १९५८ ला यँकी स्टेडियमवरच्या फायनलमध्ये, जायंट्सविरुद्ध, एकट्यानं १२ पास झेलले, १७८ यार्ड. कोल्ट्स जादा वेळेत २३-१७ नं जिंकले. पोरगा म्हणाला, आई, तेव्हाचे डिफेंडर स्लो होते. असू देत. बेरी पण स्लोच होता.

१२ जुलै

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा लांब.

त्याचा एक मित्र आलेला, तो कॉर्नर खेळतो, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा. त्याला समोर उभं केलं आणि सांगितलं की हा कुठं वळणार ते वळायच्या आधी ओरड. पंधरातले बारा बरोबर ओळखले. त्या पोराला विचारलं कसं रे कळतं तुला, तर म्हणाला याचे हात थांबतात. बस. वळायच्या दोन पावलं आधी हात हलायचे थांबतात. व्हिडिओ बघितला तर खरंच, आणि अजून दोन गोष्टी दिसल्या, आत वळायचं असेल तर वळायच्या आधीच डोळे क्यूबीकडं जातात, आणि बाहेर वळायचं असेल तर खांदा आधीच कलतो. हा माणूस बोर्ड लावून पळतोय, पुढे वळण आहे.

इथं माझी ट्यूब पेटली. मी मिरजेत शाळेत आणि मग कॉलेजला खो-खो खेळले, जिल्ह्यापर्यंत गेले, पळतीत चांगली होते. खो-खोत पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की खांब येईपर्यंत मागं फिरता येत नाही, बसलेल्यांच्या रांगेतून पलीकडं जाता येत नाही, जायचं तर खो द्यावा लागतो. पळणाऱ्याला मात्र रांगेतून इकडून तिकडं जायची मुभा. त्यामुळं पळतीतलं सगळं कसब वेगात नसतंच, समोरचीला आधी दिशा घ्यायला लावायची, तिचा खांदा वळला की मग आपण सुटायचं. आधी सुटलं तर गेलं. आमच्या बाई म्हणायच्या, तू पळू नकोस, तिला पळव.

कॉर्नरचं तेच आहे, फक्त नियमानं नाही तर हाडामांसानं. तो उलटा पळत असतो, तुझ्याकडं तोंड करून. तू त्याच्या अंगावर वेगात गेलास की एका क्षणी त्याला कंबर वळवून तुझ्याबरोबर पळावं लागतं, नाहीतर तू त्याला मागं टाकून जाशील. ज्या बाजूला कंबर वळली त्याच्या उलट बाजूला तू वळलास तर त्याला अख्खं शरीर परत फिरवायला लागतं, आणि त्या वेळात तू मोकळा. म्हणून ९ नंबरची भीती सगळ्यात महत्त्वाची. आउट असो, कर्ल असो, डिग असो, पहिले १० यार्ड ९ सारखेच दिसले पाहिजेत. खोड एकच, फांदी कुठली ते शेवटच्या क्षणापर्यंत कळता कामा नये. याला ते स्टेम म्हणतात, खोडच ते.

मग मी डीबी, म्हणजे कॉर्नरसारखी त्याला अडवणारी, झाले. उलटी पळत गेले, त्यानं माझ्या एका खांद्यावर चाल करून दुसरीकडं वळायचं. माझा वेग काही नाही पण नजर आहे. तीसेक वेळा मी हात थांबला, डोळे गेले, खांदा कलला असं ओरडत राहिले. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून बराच वेळ बघितलं आणि काहीच विचारलं नाही.

शेवटच्या पाचात दोनदा मी फसले. खरी फसले, मुद्दाम नाही. एकदा तर अशी फसले की उलट्या बाजूला बसलेच. पोरगा हसून हसून लोळला, आणि बऱ्याच महिन्यांनी त्याला असं हसताना बघितलं.

आईला मिरजेला व्हिडिओ पाठवला. तिचं उत्तर: ह्या जानेवारीत खो-खोचा वर्ल्ड कप भारतानं दोन्हीकडं जिंकला, पोरी पण आणि पोरं पण, त्याला तो दाखव.

१३ जुलै

अंग दुखतंय. विश्रांती.

१७ जुलै

प्रेस. म्हणजे कॉर्नर लांब उभा न राहता अगदी नाकासमोर येऊन उभा राहतो आणि सुरुवातीलाच हातानं अडवतो. एनएफएलमध्ये ५ यार्डांच्या पुढं असा हात लावता येत नाही, तो नियम १९७८ चा. हायस्कूलमध्ये ते ५ यार्डांचं बंधन नाही, जोपर्यंत तू त्याच्या समोर आहेस आणि त्याला ब्लॉक करू शकतोस तोपर्यंत तो तुला धक्का देऊ शकतो. म्हणून त्याच्या बाजूनं लवकर पुढं निघणं आलं.

नवऱ्याच्या हातात सोफ्याची उशी दिली. पोरानं यूट्यूबवरून एनएफएल रिसीव्हर दावान्ते अ‍ॅडम्सचे रिलीज, म्हणजे प्रेसमधून सुटायच्या युक्त्या, पाठ केलेत, पाय थरथरवणं, डावीकडं हूल, उजवीकडं हूल, परत डावीकडं. दिसायला झक्कास. स्टॉपवॉच लावला तर हा दोन सेकंद जागेवरच नाचतोय आणि क्यूबीकडं सगळे मिळून अडीच-तीन सेकंद असतात. म्हटलं बाळा, लावणी नंतर. एक हूल, एक हाताची हालचाल, निघायचं.

हाताचं असं की स्विम म्हणजे पोहताना टाकतो तसा हात त्याच्या खांद्यावरून टाकायचा, आणि रिप म्हणजे खालून बगलेतून वर काढायचा. आमचा पाच फूट सात. उंच कॉर्नरसमोर स्विम केलं की बरगड्या उघड्या पडतात आणि तिथंच धक्का बसतो, उशीनंही बसला. रिप बरा. आणि सुटल्यावर लगेच त्याच्या पुढं येऊन त्याला पाठीवर घ्यायचं, बाजूबाजूनं पळत राहायचं नाही. आपल्याकडं टू व्हीलरवाला ओव्हरटेक करून लगेच समोर येतो ना, तसं. यावर नवरा पहिल्यांदा म्हणाला की आता मला समजलं.

२२ जुलै

चूक माझी आहे म्हणून सविस्तर लिहिते. काल ३५ सेल्सियस होतं, दमट. मला ११८ फ्रेमचा आकडा शंभराच्या खाली आणायचाच होता आणि तो १०१ वर अडकलेला, तर अजून एक, अजून एक करत मी साठच्या वर वळणं काढून घेतली. शेवटी त्यानं मांडीमागं हात लावला. हॅमस्ट्रिंग. फाटलं नाही, नुसतं ताणलंय, फिजिओनं पाच दिवस पळणं बंद सांगितलं. वर हेही सांगितलं की पळण्यापेक्षा थांबण्यात स्नायूंवर ताण जास्त येतो, लांब होत असतानाच जोर लावायला लागतो म्हणून, त्यामुळं वळणं मोजून काढायची, पंचविसाच्या वर नाही, मध्ये पूर्ण विश्रांती.

आईनं फोनवर ऐकलं आणि म्हणाली, पोर आहे ते, तुझं सॉफ्टवेअर न्हवं.

२५ जुलै

पळणं बंद म्हणून डोकं चालू. दोघांनी बसून जेरी राइस या रिसीव्हरचे जुने सामने बघितले. १९८५ ला मिसिसिपी व्हॅली स्टेटसारख्या छोट्या कॉलेजातून सोळाव्या नंबरला घेतलेला, पुढं १,५४९ झेल आणि २२,८९५ यार्ड. स्लँट बघ म्हटलं. तीन पावलं, आत, बॉल, आणि झेलल्यावर वेग कमी होतच नाही. वळायच्या आधीचा राइस आणि सरळ पळणारा राइस, आवाज बंद करून थांबवून थांबवून बघितलं तरी मला फरक सांगता येईना. पोरगा म्हणाला, हात बघ आई, हात थांबतच नाहीत. स्वतः म्हणाला. मी काही बोलले नाही.

मग रिसीव्हर ओडेल बेकहॅमचा तो एका हाताचा झेल त्यानं मला शंभराव्यांदा दाखवला, नोव्हेंबर २०१४, आमच्या इथल्या मेटलाइफ स्टेडियमवरचाच. त्यातही त्या कॉर्नरला पेनल्टी लागलेली आहे हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

जाता जाता, आम्ही राहतो तिथून न्यू जर्सीतलं न्यू ब्रन्सविक वीस मिनिटं. ६ नोव्हेंबर १८६९ ला रटगर्स आणि प्रिन्स्टन तिथं खेळले, कॉलेजमधला पहिला सामना म्हणतात तो हाच, रटगर्स ६-४. त्यात पास नव्हताच. बॉल पुढं फेकायला परवानगी १९०६ ला मिळाली. म्हणजे पहिली सदतीस वर्षं हा रिसीव्हर नावाचा प्राणीच नव्हता.

२ ऑगस्ट

सेव्हन-ऑन-सेव्हन, म्हणजे सात विरुद्ध सात. आसपासच्या पोरांनी मिळून ठेवलेलं, लाइनमन (पुढच्या फळीतले धिप्पाड) नाहीत, टॅकल (धरून पाडणं) नाही, हात लावला की संपलं, क्यूबीनं चार सेकंदांत बॉल सोडायचा. पोरगा बारा दिवसांनी पूर्ण वेगात.

त्याच्याकडं सहा बॉल आले, तीन झेलले. एक डिग मस्त होता, कॉर्नरची कंबर बाहेर वळलेली आणि हा आत, बॉल आला तेव्हा तीन यार्ड कुणी नाही. एक साइडलाइनवर, हायस्कूलमध्ये एक पाय आत असला तरी चालतो, एनएफएलसारखे दोन लागत नाहीत, त्यावर वाचला. एक हातातून सुटला, बॉल यायच्या आधीच पुढं कुठं पळायचं ते बघायला मान फिरवली. टेनिस बॉल परत सुरू.

पण मला आवडलेला प्ले असा होता ज्यात त्याच्याकडं बॉल आलाच नाही. ८ नंबर, पोस्ट. हा एवढा जीव तोडून पळाला की कॉर्नर आणि मागचा सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागं राखण करणारा, दोघं याच्याबरोबर खोल गेले आणि मागं मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्या पोरानं आरामात झेलून वीस यार्ड नेला. सगळे त्या पोराच्या पाठीवर थापा मारत होते. आमचा गाडीत गप्प. मग म्हणाला, माझ्याकडं बॉल येणार नाही हे मला माहीत होतं. विचारलं, मग एवढा का पळलास? खांदे उडवले. म्हणाला, कॉर्नरला माहीत नव्हतं ना.

घरी आल्यावर त्याच्या आवडीची मिसळ केली.

११ ऑगस्ट

शाळेची प्रॅक्टिस सुरू झाली. पहिले काही दिवस नुसतं हेल्मेट, पूर्ण पॅड हळूहळू. हेल्मेटनं सगळं बदलतं हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं, खांद्यावरून येणारा बॉल शोधायला मान जास्त फिरवावी लागते, आणि खाली बघितलं की स्वतःचे पाय दिसत नाहीत. पावलं मोजायची सवय लागली ते बरं झालं.

कोच काही बोलले का? नाही.

१६ ऑगस्ट

आज कोचनं सगळ्यांसमोर त्याला ब्लॉकिंगवरून झापलं. रनिंग प्लेमध्ये, म्हणजे पास न करता बॉल घेऊन पळतात तेव्हा, रिसीव्हरनं कॉर्नरला अडवून धरायचं असतं, आमचा पळत जाऊन नुसता त्याच्या शेजारी उभा राहिला. सात आठवडे मी ब्लॉकिंगचा ब सुद्धा काढला नव्हता. वहीत लिहिलं नव्हतं, म्हणून झालंच नाही.

उशी परत काढली. या वेळी नवऱ्याच्या हातात नाही, पोराच्या समोर मी.

२४ ऑगस्ट

मोजमाप. आउट, ५ नंबर, पार्कात, नवरा क्यूबी. वळण ९ वर सुरू, साडेदहावर संपतं. पाय रोवल्यापासून वळेपर्यंत ८४ फ्रेम, म्हणजे ०.३५ सेकंद. बाटली वीसात एकदा पडली, ती पण वाऱ्यानं असं त्याचं म्हणणं. आकडे ओळखणं पंचवीसात बावीस. कॉर्नरवाल्या मित्रानं पंधरातले सहा ओळखले, आणि त्या पोराला याचा रागच आला, म्हणाला परत खेळू.

लिस्ट लागली. जेव्हीमध्ये, म्हणजे शाळेच्या दुय्यम टीममध्ये, सुरुवातीच्या तिघांत आहे, तिसरा. व्हर्सिटीत, म्हणजे मुख्य टीममध्ये, नाही. दोन दिवस न जेवण्यासारखं काही झालं नाही, चार पोळ्या खाल्ल्या.

डाव्या बाजूनं पळताना कर्ल अजून गोल होतोय, उजव्या पायावर भरवसा कमी आहे, मांडीचं जुनं दुखणं तिथंच असल्यामुळं असेल. पंचवीसच्या वर काढायचे नाहीत. गॅरेजमधलं खडूचं झाड गाडीच्या टायरनं निम्मं पुसलंय, सकाळी बघितलं तर त्यानं उजवी बाजू परत काढून ठेवलीय आणि ४ नंबरच्या फांदीला दोनदा गिरवलंय.

उद्या सहा वाजता पार्क. नवऱ्याचा खांदा दुखतोय, बॉल मीच फेकणार.